मासा कोणाचा? : स्कॉटिश मत्स्यमृगयेच्या साहित्यातील मालकी आणि निवेदन

१

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लॉखचे, म्हणजे डोंगरांच्या कुशीतील गोड्या पाण्याच्या लांबट सरोवराचे, शरद ऋतूतील चित्र इंग्रजी साहित्याच्या वाचकाला अपरिचित नाही. पाऊस लागला की समुद्राला मिळणाऱ्या तेथील आखूड नद्या दलदलीच्या मातीने तांबूस झालेल्या पाण्याने फुगतात, आणि मुखाशी खोळंबलेले सामन व समुद्री ट्राउट हे मासे त्या लोंढ्याविरुद्ध पोहत सरोवरात शिरतात. पुढे वरच्या ओढ्यांच्या वाळूगोट्यांत त्यांची वीण व्हावयाची असते. तोवरच्या काही आठवड्यांत सरोवरात एक होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहत असते. तिच्यात गळाची काठी घेतलेले एक वा दोन शिकारी असतात आणि वल्ह्यांवर ‘गिली’ असतो. गेलिक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ ‘पोरगा’, ‘चाकर’ असा आहे. गळाला आमिष नसते, पिसे आणि केस बांधून केलेली कृत्रिम माशी असते. गोड्या पाण्यात शिरलेला सामन अन्न घेणे थांबवितो, तरीही तो या माशीवर झडप घालतो. तो असे का करतो, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही. न खाणाऱ्या माशाला खाण्याच्या मिषाने पकडण्याचा हा विलक्षण उद्योग आहे आणि त्याच्याभोवती साडेतीन शतकांचे साहित्य उभे आहे.

या उद्योगाला मराठीत नेमका शब्द नाही. ‘मासेमारी’ म्हटले की उपजीविका डोळ्यांसमोर येते आणि ‘मृगया’ म्हटले की राजा, रथ आणि हरिण. या दोहोंच्या मधली, हौसेची पण नियमबद्ध अशी ही कृती असल्यामुळे तिला येथे ‘मत्स्यमृगया’ म्हटले आहे. तिच्यावरील साहित्याचा विचार सामान्यतः निसर्गलेखनाच्या किंवा गोपकाव्याच्या परंपरेत होतो. आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ (१६५३) या ग्रंथाने घालून दिलेला हा संकेत आहे. एकान्त, पाणी, प्रतीक्षा, चिंतन आणि अखेरीस मनःशांती असा त्याचा क्रम असतो. हा संकेत वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काय गाळले जाते, हे विचारण्याचे सहसा सुचत नाही.

गाळले जाते ते असे. होडीत एकान्त नसतो, तेथे किमान दोन माणसे असतात. ज्याच्या हातात काठी आहे, तो लिहितो. ज्याला पाण्याचा तळ, वाऱ्याची दिशा आणि माशाची बसण्याची जागा ठाऊक आहे, तो वल्ही मारतो आणि लिहीत नाही. होडीत नसलेला तिसरा, म्हणजे मासे धरण्याच्या हक्काचा मालक, दोघांच्याही तेथे असण्याची अट ठरवितो. स्कॉटिश साहित्यातील मत्स्यमृगयेच्या महत्त्वाच्या संहितांचा कस निसर्गवर्णनावर लागत नाही. या तिघांमधील नात्याला त्या आपल्या रचनेत जागा देतात की ते झाकून टाकतात, यावर तो लागतो. पुढील विवेचन याच विधानाच्या समर्थनार्थ आहे.

२

प्रथम नावाचा प्रश्न घ्यावा लागेल, कारण मालकी नावापासून सुरू होते. लिनियसने १७५८ मध्ये ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत सामनला ‘साल्मो सालार’ हे नाव दिले. त्याच ग्रंथात ट्राउटची मात्र त्याने ‘साल्मो ट्रुटा’, ‘साल्मो फारिओ’ अशा वेगवेगळ्या नावांनी विभागणी केली. आजचे जीवशास्त्र ही विभागणी मानत नाही. समुद्री ट्राउट आणि तपकिरी ट्राउट ही एकच जात आहे. एकाच जोडीच्या पिलांपैकी काही ओढ्यात वा सरोवरात राहतात व अंगाने तपकिरी, ठिपकेदार होतात. काही समुद्रात जातात आणि रुपेरी होऊन, अंगाने भरून परत येतात.

स्कॉटलंडचा कायदा मात्र तिसरीच विभागणी करतो. सामन आणि गोड्या पाण्यातील माशांविषयीच्या २००३ च्या एकत्रीकृत अधिनियमानुसार ‘सामन’ या संज्ञेत सामन तर येतोच, पण समुद्रातून परतणारा ट्राउटही येतो. समुद्रात न गेलेला त्याचा सख्खा भाऊ या संज्ञेबाहेर राहतो. ही केवळ शब्दाची बाब नाही. ट्राउट धरण्याचा हक्क काठच्या जमिनीबरोबर चालतो. सामन धरण्याचा हक्क मात्र मूळ राजसत्तेकडून आलेली स्वतंत्र स्थावर मालमत्ता आहे आणि जमिनीपासून वेगळा काढून तो विकता येतो. म्हणजे काठावर घर असलेल्या माणसाचा समोरच्या पाण्यातील सामनवर कोणताही हक्क नसणे अगदी शक्य आहे. पाण्यात मोकळा फिरणारा मासा कायद्याने कोणाचाच नसतो. मालकी असते ती त्याला धरण्याच्या हक्काची. या हक्काची मर्यादा वारालाही लागू आहे: रविवारी ट्राउट धरता येतो, पण सामन आणि समुद्री ट्राउट धरता येत नाहीत.

चिन्ह आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन मराठी समीक्षेला आता नवे नाही. येथे त्याच्या पुढची पायरी दिसते. ही यादृच्छिकता तटस्थ राहत नाही, सत्ता तिला आपल्या कामाला जुंपते. एकाच माशाला प्रयोगशाळेत एक नाव, न्यायालयात दुसरे आणि झोपडीत तिसरे मिळते. त्यांपैकी कोणत्या नावाने कथा सांगितली जाते, यावर नायक शिकारी ठरतो की चोर, हे अवलंबून असते. गेलिक भाषकांत एक जुनी म्हण प्रचलित आहे. डोहातला मासा, रानातली काठी आणि डोंगरातले हरिण या चोऱ्यांची गेलला कधी लाज वाटली नाही, असा तिचा आशय आहे. म्हण ‘चोरी’ हा शब्द टाळत नाही. कायद्याने दिलेले नाव ती स्वीकारते आणि त्याला चिकटलेली लाज तेवढी नाकारते. स्कॉटिश मत्स्यमृगयेच्या साहित्यातील अंतर्विरोध या एका वाक्यात साठवलेला आहे.

३

या साहित्याची सुरुवात शांतरसात झालेली नाही. स्कॉटलंडमधील सामन-शिकारीचे सविस्तर वर्णन करणारा आरंभीचा ग्रंथ म्हणजे रिचर्ड फ्रँकचा ‘नॉर्दर्न मेम्वार्स’. तो १६५८ मध्ये लिहिला गेला आणि १६९४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रँक क्रॉमवेलच्या सैन्यातील होता. त्या सैन्याने काबीज केलेल्या देशातून हिंडताना त्याने तेथील नद्यांत गळ टाकले, आणि पुस्तकात वॉल्टनवर पुस्तकी ज्ञानाचा ठपकाही ठेवला. म्हणजे या वाङ्मयप्रकाराच्या स्कॉटिश शाखेचा एक आद्य निवेदक जेत्यांच्या बाजूचा माणूस आहे. प्रवास, पाणी आणि मासा यांचे त्याचे वर्णन उत्साही आहे, पण ज्यांच्या पाण्यात तो उभा आहे ती माणसे त्याच्या संवादात भागीदार होत नाहीत.

सर वॉल्टर स्कॉटने १८२१ मध्ये या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केली, ही घटना अर्थपूर्ण आहे. स्कॉटच्या कादंबऱ्यांत मासा नेहमी वादाच्या मध्यभागी येतो. ‘गाय मॅनरिंग’मध्ये (१८१५) रात्री मशालींच्या उजेडात भाल्याने सामन मारण्याचा प्रसंग आहे. शेतकरी, चाकर, पाहुणे असे सगळे त्यात सामील आहेत. कथेचा नायक ब्राउन मात्र होडीत तडफडणाऱ्या माशांच्या सान्निध्याने अस्वस्थ होतो, ती अस्वस्थता लपवितो आणि काठावर उतरतो. सामूहिक उत्सव आणि सुशिक्षित संवेदना यांच्यातील फट स्कॉटने येथे एका हालचालीतून दाखविली आहे. ‘रेडगॉन्टलेट’मध्ये (१८२४) सॉल्वेच्या खाडीत घोड्यावरून भाल्याने सामन मारणाऱ्यांची जुनी परंपरा आणि क्वेकर पंथीय जोशुआ गेडिसची भरतीच्या पाण्यात लावलेली जाळी यांचा संघर्ष आहे. एकीकडे वहिवाट आणि शौर्य, दुसरीकडे व्यापार आणि उत्पादन. जाळ्यांवर जमाव चालून येतो आणि कथानायक डार्सी त्या दंगलीत सापडतो. सामनवरचा हक्क हा दोन युगांमधील तंटा आहे, हे स्कॉटने ओळखले होते.

मात्र स्कॉटच्या निवेदनातील भाषिक उतरंड लक्षात घेतली पाहिजे. निवेदन प्रमाण इंग्रजीत, तर माशाविषयीचे खरे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांची बोली स्कॉट्स. ज्ञान आणि निवेदन यांची ही फाळणी मराठी वाचकाला संस्कृत नाटकावरून सहज उमगेल. ‘अभिज्ञानशाकुन्तला’त राजाच्या मृगयेने पहिला अंक उघडतो आणि तिचे वर्णन संस्कृत श्लोकांत होते. रोहित माशाच्या पोटात अंगठी सापडलेला धीवर मात्र सहाव्या अंकाच्या प्रवेशकात येतो, प्राकृतात बोलतो, रक्षकांकडून चोर म्हणून मार खातो आणि आपला कुलपरंपरागत व्यवसाय निंद्य मानला गेला तरी त्याज्य नाही, असे ठामपणे सांगतो. सबंध नाटकाची गाठ ज्या वस्तूने सुटते ती त्याच्या हातात आहे, पण नाटक त्याचे नाही. स्कॉटिश साहित्यातील गिली आणि चोरटा शिकारी या धीवराच्या जवळचे आहेत.

स्कॉटच्या चरित्रातील एक तपशील येथे बोलका ठरतो. टॉम पर्डी हा त्याचा विश्वासू सेवक प्रथम त्याच्यासमोर आला तो चोरट्या शिकारीच्या आरोपावरून. स्कॉट तेव्हा शेरीफ होता. त्याने पर्डीला शिक्षा देण्याऐवजी चाकरीत घेतले, असे लॉकहार्टने चरित्रात नोंदविले आहे. या उदारतेत खोट काढण्याचे कारण नाही. तथापि वाङ्मयीन दृष्टीने घडले ते असे की पाण्याचे ज्ञान गुन्ह्याच्या कक्षेतून सेवेच्या कक्षेत आले. पुढे विल्यम स्क्रोपच्या ट्वीड नदीवरील सामन-शिकारीच्या ग्रंथात (१८४३) पर्डी आपल्या बोलीत गोष्ट सांगताना भेटतो, पण तो भेटतो रंजक पात्र म्हणून. ग्रंथाचे कर्तेपण काठी हाती असलेल्याकडेच राहते.

४

विसाव्या शतकात हा अंतर्विरोध विनोदात सोडविण्याचा सर्वांत कुशल प्रयत्न जॉन बकनच्या ‘जॉन मॅक्नॅब’ (१९२५) या कादंबरीत झाला. यशाला कंटाळलेले तीन प्रतिष्ठित गृहस्थ, म्हणजे एक विधिज्ञ, एक मंत्री आणि एक बँकमालक, ‘जॉन मॅक्नॅब’ या खोट्या नावाने तीन इस्टेटींच्या मालकांना पत्रे पाठवितात. अमुक तारखांच्या दरम्यान तुमच्या हद्दीतून चोरून शिकार करून दाखवू, असे आव्हान त्यांत असते. विधिज्ञ लीथन याच्या वाट्याला सामन येतो. तो भटक्याचे सोंग घेतो, मासे विकत फिरणाऱ्या बेंजी या पोराची मदत घेतो आणि पाळत असलेल्या नदीतून सामन काढतो. संशय येऊ नये म्हणून तो मासा पाणमांजराने मारल्यासारखा दिसेल, अशी व्यवस्थाही करतो.

कादंबरीतील नदीचे वर्णन शिकारीच्या खऱ्या जाणकाराचे आहे. माशी पाण्यावर किती अलगद उतरावी, प्रवाहाच्या संथ पट्ट्यात सावली कशी पडू नये, हे सारे तपशील तणाव वाढवितात. परंतु या खेळाची शक्यताच ज्या गोष्टीवर उभी आहे तिच्याकडे पाहिले पाहिजे. चोरी येथे खेळ होऊ शकते, कारण चोर सभ्य आहेत. पकडले गेल्यास त्यांची बदनामी होईल, पण उपासमार होणार नाही. लीथन भटक्याचे कपडे घालतो आणि काढून ठेवतो. बेंजीला ते काढून ठेवता येत नाहीत. मालकीचा हक्क एकदा मिळाला म्हणून कायमचा नसतो, तो पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागतो, असा विचार कादंबरीतील जॅनेट रेडनच्या मुखातून येतो आणि तो गंभीर आहे. पण कथानक त्याची कसोटी घेते ती वरच्या वर्गाच्या अंगणातच. हक्काला आव्हान देण्याचा हक्कही अखेर हक्कदारांच्याच बरोबरीच्या लोकांकडे राहतो. बेंजीचे कौशल्य नसते तर कथा पुढे सरकली नसती, आणि तरीही कथेचे शीर्षक असलेल्या त्या खोट्या नावात त्याचा वाटा नाही.

बकनवर ढोंगाचा आरोप करण्यात अर्थ नाही. त्याच्या सुखात्मिकेने अंतर्विरोध लपविला नाही, त्याला सुसह्य केले. सुसह्य करणे हेच त्या प्रकाराचे कार्य असते. प्रश्न असा उरतो की हाच प्रसंग बेंजीच्या जागेवरून सांगितला तर त्याचे स्वरूप काय होईल?

५

त्या जागेवरून सांगितलेली कादंबरी बारा वर्षांनी आली. नील गनची ‘हायलँड रिव्हर’ (१९३७). गन (१८९१–१९७३) स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडील केथनेस परगण्यात, डनबीथ येथे कोळ्याच्या घरी जन्मला. पुढे तो अबकारी खात्यात अधिकारी होता आणि १९३७ मध्येच ती नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाला. कादंबरीच्या आरंभी केन हा नऊ वर्षांचा मुलगा पहाटे आईच्या सांगण्यावरून पाणी आणायला नदीवर जातो. डोहात त्याला एक प्रचंड सामन दिसतो. हातात काठी नाही, गळ नाही, परवाना तर नाहीच. दगड आणि उघडे हात एवढ्यावर तो त्या माशाशी झुंजतो आणि त्याला काठावर ओढतो.

या प्रसंगाचे महत्त्व त्याच्या थरारात नाही, निवेदकाच्या भूमिकेत आहे. कायद्याच्या भाषेत ही चोरी आहे आणि मुलाला ते ठाऊक आहे. राखणदाराची भीती प्रसंगावर सतत पसरलेली आहे. पण निवेदक या भीतीला अपराधभावाचे रूप देत नाही. उलट, त्या झुंजीत मुलाच्या अंगात जे जागे होते त्याला तो वारसा मानतो. पूर्वजांनी याच डोहात हात घातले होते, याची शरीराला असलेली आठवण असे त्याचे स्वरूप आहे. वडील समुद्रावर हेरिंग मासा पकडणारे खलाशी. त्यांना सागर मोकळा आहे, पण दारातल्या नदीचा सामन निषिद्ध. कायद्याचा विपर्यास गन कोठेही व्याख्यानातून सांगत नाही, घराच्या भूगोलातून तो आपोआप सिद्ध होतो.

यापेक्षाही लक्षणीय आहे ती कादंबरीची रचना. केनचे बालपण, पहिल्या महायुद्धातील सैनिकपण आणि पुढचे भौतिकशास्त्रज्ञाचे आयुष्य हे काळ क्रमाने येत नाहीत. निवेदन त्यांच्यात मागेपुढे पोहत राहते. ज्याच्याबरोबर नदीत चोरट्या शिकारी केल्या तो भाऊ अँगस युद्धात मरतो. केन स्वतः विषारी वायूने पोळतो. अखेरीस तो प्रौढ वयात एकटा नदीच्या उगमाकडे चालत जातो. समुद्रातून उगमाकडे परतणाऱ्या सामनचा प्रवास हे या कादंबरीचे केवळ प्रतीक नाही, तो तिचा निवेदनक्रम आहे. मासा जन्मस्थानाच्या पाण्याचा वास ओळखत परततो, त्याप्रमाणे स्मृती एका संवेदनेवरून दुसरीकडे जात मूळ गाठते. मत्स्यमृगयेच्या रूढ साहित्यात शिकारी स्थिर असतो आणि मासा त्याच्याकडे येतो. गनने हे उलटे केले. येथे निवेदकच माशाच्या मार्गाने जातो. ‘मासा कोणाचा’ या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर असे की मासा धरणाऱ्याने माशाचा मार्ग स्वीकारला तरच तो त्याचा.

गनच्या या दृष्टीमागे केल्टिक पुराणकथेतील ज्ञानी सामन आहे. पाण्यात पडलेली हेझलची फळे खाऊन ज्ञानी झालेला हा मासा, आणि त्याला भाजताना पोळलेला अंगठा तोंडात घातल्यामुळे ज्ञान मिळालेला फिन. ‘द ग्रीन आइल ऑफ द ग्रेट डीप’ (१९४४) या कादंबरीत गनने ही कथा थेट वापरली. म्हातारा हेक्टर आणि लहानगा आर्ट चोरून सामन धरण्याच्या खटपटीत डोहात पडतात आणि एका अशा प्रदेशात पोहोचतात जेथे झाडांवर फळे आहेत पण ती खाण्यास बंदी आहे आणि माणसांच्या मनांवर प्रशासनाचे नियंत्रण आहे. युरोपातील सर्वंकष सत्तेच्या काळात लिहिलेल्या या कादंबरीत राखणदार असलेली नदी आणि पहारा असलेले मन ही एकाच व्यवस्थेची दोन रूपे ठरतात. पुराणकथा येथे सजावट नाही. फिनला ज्ञान मिळाले ते दुसऱ्यासाठी मासा भाजताना. ज्ञान सेवकाकडे चुकून येते आणि मग परत घेता येत नाही, हा त्या कथेतील स्फोटक आशय गनने नेमका हेरला. गिलीची मूकता येथे प्रथमच ज्ञानाची धनी होते.

गनच्या भूमिकेला एक मर्यादा आहे. वारसा ही कल्पना रक्ताच्या स्मृतीवर उभी राहिली की ती बाहेरच्याला दार बंद करते. जहागीरदाराचा हक्क कागदावरून येतो, तर केनचा हक्क वंशातून. दोन्ही ठिकाणी जन्म निर्णायक ठरू लागतो. उगमाकडे जाणारा केन एकटाच जातो, हा कादंबरीचा सौंदर्यबिंदू आहे आणि तिची अडचणही. गावाचा प्रश्न एका माणसाच्या आत्मशोधात विरघळून जातो.

६

ही अडचण कवितेने वेगळ्या रीतीने हाताळली. गेलिक परंपरेत डन्कन बॅन मॅकिन्टायर (१७२४–१८१२) हा निरक्षर कवी स्वतः शिकारीच्या रानाचा राखणदार होता. त्याची गीते इतरांनी लिहून घेतली आणि १७६८ मध्ये छापली गेली. धुक्याच्या दरीवरील त्याच्या गीतात माशीसाठी उसळी घेणारा सामन योद्ध्याच्या दिमाखात येतो. रान दुसऱ्याचे, नोकरी दुसऱ्याची, पण वर्णनाचे स्वामित्व कवीचे. राखणदाराने राखलेली ही वेगळीच मालमत्ता. पुढे मेंढपाळीसाठी माणसे हुसकली गेली, दऱ्या ओस पडल्या आणि त्या ओसाडीवर शिकारीच्या इस्टेटी उभ्या राहिल्या. इंग्रजी वाचकाला भावलेला लॉखचा ‘एकान्त’ बऱ्याच अंशी या विस्थापनाचे फलित आहे.

नॉर्मन मॅकेग (१९१०–१९९६) याने ही गोष्ट विसरू दिली नाही. एडिनबरोत शिक्षक असलेला हा कवी दर उन्हाळ्यात वायव्येकडील असिंट भागात जात असे आणि तेथील तळ्यांवर ट्राउटसाठी गळ टाकीत असे. ‘अ मॅन इन असिंट’ (१९६९) या त्याच्या दीर्घ कवितेत या भूमीचा धनी कोण, हा प्रश्न उघडपणे येतो. विशेष असे की कवी स्वतःला या प्रश्नातून वगळत नाही. ज्याला भूमी आवडते त्याची ती होते काय, आणि आवड हाही एक ताबाच नव्हे काय, ही शंका त्याच्या कवितेत जागती राहते. गनने वंशाचा आधार घेतला होता. मॅकेग आगंतुकाची अस्वस्थता पत्करतो. काठी हातात असलेल्या माणसाने आपल्याच हाताकडे संशयाने पाहणे, ही या परंपरेतील मोठी प्रगती आहे.

प्रश्न कवितेत राहिला नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत असिंटमधील लहान कूळधारकांनी वर्गणी गोळा करून सुमारे २१,००० एकरांची नॉर्थ लॉखिनव्हर इस्टेट विकत घेतली. २००३ च्या जमीन-सुधारणा अधिनियमाने अशा कूळधारक समूहांना जमिनीबरोबर सामन धरण्याचे हक्कही विकत घेण्याची तरतूद केली. कवितेमुळे कायदा झाला, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु जो प्रश्न दीर्घकाळ चोरट्या शिकारीच्या गोष्टींतून, म्हणजे विनोदाच्या वा भीतीच्या आडून, विचारला जात होता, तो सरळ विचारण्याची भाषा साहित्याने तयार केली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

७

येथवरचे विवेचन मासा परत येतो, हे गृहीत धरून चालले आहे. फ्रँकपासून मॅकेगपर्यंत सर्वांनी ते गृहीत धरले. हक्क कोणाचाही असो, शरदात पाऊस पडला की मासा येणारच. आज हे गृहीतच डळमळले आहे. वेस्टर रॉस भागातील लॉख मारी हे सरोवर समुद्री ट्राउटसाठी ख्यातनाम होते. लांब काठीला हलका दोर बांधून तो वाऱ्यावर सोडायचा आणि केसाळ माशी लाटांच्या माथ्यावर नाचवायची, या ‘डॅपिंग’ नावाच्या पद्धतीसाठी शिकारी दुरून तेथे येत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील समुद्री ट्राउटची संख्या कोसळली. खाली लॉख यू या खाडीत १९८७ पासून सामनचे पिंजरे होते. पिंजऱ्यांतून पसरणाऱ्या समुद्री उवा यास कितपत कारणीभूत, यावर दीर्घकाळ वाद झाला. देशभरच्या गळ-शिकारीच्या सामनची १९५२ पासून ठेवलेली नोंद पाहिली तर २०२३ चा सुमारे ३३ हजारांचा आकडा तोवरचा सर्वांत कमी ठरला. त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ब्रिटनमधील सामनची गणना संकटग्रस्त म्हणून केली. आता धरलेल्या सामनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पुन्हा पाण्यात सोडले जातात.

या बदलाचा वाङ्मयीन अर्थ तपासला पाहिजे. मत्स्यमृगयेचे कथन प्रतीक्षेवर उभे असते, आणि प्रतीक्षेला अर्थ येतो तो येणाऱ्याच्या भरवशावर. येणारा न येण्याची शक्यता नित्याची झाली की प्रतीक्षेचे रूपांतर शोकात होते. अँड्र्यू ग्रेगचे ‘अ‍ॅट द लॉख ऑफ द ग्रीन कॉरी’ (२०१०) हे पुस्तक या वळणावर उभे आहे. मरणाच्या उंबरठ्यावरील मॅकेगने ग्रेगला त्या उंचावरच्या तळ्यावर आपल्यासाठी मासा धरायला सांगितले होते. ग्रेगचे लेखन त्या शब्दाची परतफेड आहे. तेथे मासा ट्राउट आहे, सामन नाही. शिकार दुसऱ्याच्या वतीने आहे. निवेदकाला आपल्या कौशल्याचा गर्व नाही. गळ येथे मिळविण्याचे साधन राहिलेला नाही, दिलेला शब्द पाळण्याची ती एक रीत झाली आहे. वॉल्टनची शांती, बकनची बाजी आणि गनचा वारसा या तिन्हींहून हा सूर वेगळा आहे.

धरून सोडून देण्याची प्रथा या दृष्टीने पाहिली तर तिची संदिग्धता उघड होते. माशाला न मारता त्याच्याशी झुंजण्याचा आनंद तेवढा शिल्लक ठेवणे, हा मालकीचा सर्वांत परिष्कृत प्रकार आहे, असे म्हणता येईल. मासा हातून जातो, पण त्याला धरण्याचा हक्क तसाच राहतो. उलट असेही म्हणता येईल की ज्या क्षणी हात उघडतो त्या क्षणी शिकारी प्रथमच आपण या माशाचे धनी नसल्याचे मान्य करतो. नव्या काळातील लेखकाला या दोन अर्थांपैकी एक निवडून भागणार नाही, दोन्ही एकाच वेळी धरून ठेवावे लागतील. ते न जमल्यास हे लेखन जुन्या शांततेची नक्कल करीत राहील, आणि ती शांतता आता माशाच्या अनुपस्थितीची असेल.

साडेतीन शतके हे साहित्य ‘मासा कोणाचा’ असे विचारीत आले. राजाचा, मालकाचा, वहिवाटदाराचा, पोराचा, गावाचा अशी त्याची उत्तरे बदलत गेली आणि प्रत्येक उत्तराबरोबर निवेदकाची जागा बदलली. आज प्रश्नाची दिशाच उलटली आहे. मासा कोणाचा, यापेक्षा माशाचे कोण, हे विचारावे लागत आहे. त्याच्या येण्याची जबाबदारी कोणावर, नदीच्या मुखापासून उगमापर्यंत त्याची बाजू कोण मांडणार? होडीतील तिघांपैकी या प्रश्नाचे उत्तर देण्यास सर्वांत समर्थ असलेला माणूस अजूनही वल्ह्यांवरच बसलेला आहे. त्याने लिहिलेली, निदान त्याच्या ज्ञानाला निवेदकाचे स्थान देणारी संहिता ही या वाङ्मयप्रकाराची आजची खरी गरज आहे. स्कॉटने त्याला नोकरी दिली, बकनने त्याला बक्षिसी दिली, गनने त्याला स्मृती दिली. लेखणी मात्र अजून त्याच्या हाती आलेली नाही.